गाडी लोअर केली आणि मागचे टायर आतून खाल्ले: दोष कॅम्बरचा नाही, टोचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. गाडी ऑक्टाव्हिया आरएस, १८ इंची चाकं, २२५/४० चे टायर. ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या, शॉकॲब्सॉर्बर कंपनीचेच ठेवले आणि त्याच संध्याकाळी अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून लावणं) करून घेतलं. सहाएक हजार किलोमीटरमध्ये मागचे दोन्ही टायर आतल्या कडेला पार गेले. ईस्टर्न फ्रीवेवर गाडी डावीकडे ओढते, आणि ती सरळ धरली की स्टिअरिंग उजवीकडे थोडं कललेलं राहतं. अलाइनमेंटवाला म्हणाला, पुढचा टो हिरवा आलाय, मागचं लाल आहे पण 'लोअर गाडीत ते तसंच राहतं, कॅम्बर आर्म टाकून घ्या'. (टो म्हणजे वरून बघितलं तर चाक किती आत किंवा बाहेर वळलंय: आत वळलं तर टो-इन, अधिक; बाहेर वळलं तर टो-आउट, उणे. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक किती झुकलंय; वरची कड आत झुकली की उणे. आर्म म्हणजे चाक धरणारा दांडा. मशीनवर हिरवा म्हणजे मर्यादेत, लाल म्हणजे बाहेर.) तुम्ही विचारताय की आर्म कुठल्या कंपनीचे घ्यावेत आणि कुठले आकडे सेट करायला सांगावेत.

आर्म आत्ता घेऊ नका. आणि आतल्या कडेला तारा दिसायला लागल्या असतील तर हे पुढचं सगळं वाचायच्या आधी टायर बदला. तशा टायरवर एक्स्प्रेसवेला जाऊ नका, पावसात तर नकोच.

तुम्ही पाठवलेल्या कागदावरचे आकडे इथे लिहितो, कारण सगळं उत्तर त्यांच्यातच आहे. पुढचा कॅम्बर: डावीकडे उणे ०°५०′, उजवीकडे उणे १°२५′. पुढचा एकूण टो +०°०८′. मागचा कॅम्बर: उणे २°१०′ आणि उणे २°०५′. मागचा टो: डावा +०°३२′, उजवा +०°०८′. कागद बघून सगळ्यांची नजर त्या सव्वादोन अंशांच्या कॅम्बरवर गेली. साहजिक आहे. कॅम्बर डोळ्यांना दिसतो, चाक आत झुकलेलं दिसतं, टायर आतून गेलेला दिसतो, की झालं, गुन्हेगार सापडला. टो दिसत नाही. तो अर्ध्या अंशात काम करतो.

मागच्या दोन्ही चाकांचा टो मिळून ४० मिनिटं होतो, म्हणजे प्रत्येक चाक गाडी जिकडे चालली आहे त्या दिशेपासून सरासरी २० मिनिटं आत वळलेलं आहे. एका अंशात ६० मिनिटं, तेव्हा हा अंशाचा तिसरा भाग. कानाला काहीच वाटत नाही. पण गणित करा: एक किलोमीटर जाताना ते चाक साधारण पावणेसहा मीटर आडवं ओढलं जातं. सहा हजार किलोमीटरमध्ये पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे सीएसएमटी ते ठाण्याएवढं अंतर तुमचे मागचे टायर आडवे घासत गेले. अर्थात हे भूमितीचं गणित झालं, रबर थोडं वाकतं आणि त्यातलं काही पोटात घेतं. पण सगळं नाही घेत. आणि कॅम्बरमुळे वजन आतल्या खांद्यावर आलेलं असल्यामुळे जे काही घासलं ते त्याच तीन-चार सेंटीमीटरच्या पट्ट्यावर घासलं. कॅम्बरनं जागा दाखवली, खाल्लं टोनं. टो नीट असता तर याच कॅम्बरवर टायर आतून जरा लवकर गेले असते, पण सहा हजारांत नक्कीच नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर टायरवरून तळवा फिरवून बघा, आडवा. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. नुसत्या कॅम्बरनं गेलेला टायर आतल्या बाजूला झिजलेला असतो पण हाताला दोन्हीकडून सारखाच लागतो. टोनं गेलेल्या टायरला कंगोरे येतात: एका दिशेनं हात मऊ जातो, उलट दिशेनं करवतीसारखं टोचतं. आत जाताना मऊ आणि बाहेर येताना टोचलं तर टो-इन जास्त. उलटं असेल तर टो-आउट. आमच्याकडे गाडी रॅम्पवर चढायच्या आधी हेच बघितलं जातं. मशीन सुरू व्हायच्या आत निम्मं निदान हातात असतं.

आता स्टिअरिंगचं. मागच्या टोची बेरीज टायर खाते, तर त्याच दोन आकड्यांतला फरक गाडीची दिशा बिघडवतो. डावं चाक ३२ मिनिटं उजवीकडे बघतंय, उजवं चाक फक्त ८ मिनिटं डावीकडे. दोघांची ओढाताण होऊन मागचा अख्खा ॲक्सल १२ मिनिटं उजवीकडे ढकलतो. याला थ्रस्ट अँगल म्हणतात, कागदावर खाली कोपऱ्यात छापलेला असतो आणि कोणी बघत नाही. मागचं टोक उजवीकडे जातंय म्हटल्यावर गाडी सरळ न्यायला पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे धरावी लागतात. स्टिअरिंगचं गुणोत्तर साधारण १५ धरलं तर १२ मिनिटांचे हातात तीन अंश होतात. तुमचं स्टिअरिंग किती कललंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुधा तेवढंच असेल. त्यात पुढचा डावा कॅम्बर उजव्यापेक्षा ३५ मिनिटांनी कमी उणे आहे, आणि गाडी नेहमी कमी उणे बाजूकडे ओढते, म्हणजे तुमच्या बाबतीत डावीकडे. शिवाय आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते बांधलेले असतात, शंभराला दोन-अडीच. म्हणजे रस्ता डावीकडे नेतो, कॅम्बर डावीकडे नेतो आणि मागचा ॲक्सल तुम्हाला स्टिअरिंग उजवीकडे धरायला लावतो. तक्रार एक, कारणं तीन. नुसता पुढचा टो हिरवा करून यातलं एकही जात नाही.

तेव्हा खरा प्रश्न 'कुठले आकडे' हा नाहीच. कुठल्या अवस्थेत आणि कुठल्या क्रमानं मोजलं, हा आहे.

स्प्रिंगा टाकल्या त्याच संध्याकाळी केलेलं अलाइनमेंट हे फार तर घरी जाण्यापुरतं. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात, रबराच्या सीट दबतात, गाडी आणखी काही मिलिमीटर खाली येते. उंची बदलली की कॅम्बर बदलतो, आणि तुमच्या गाडीच्या मल्टीलिंकमध्ये (मागचं चाक अनेक वेगवेगळ्या दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन) मागचा टोही बदलतो. साधारणपणे मागचं चाक वर दबलं की ते टो-इनकडे जावं अशीच रचना कंपन्या करतात, म्हणजे वळणात गाडी मागून सुटत नाही. लोअर केल्यावर गाडी कायम थोडी दबलेल्या अवस्थेतच उभी असते. तुमची ४० मिनिटं बहुधा तिथून आली.

पण त्याहून मोठी गोष्ट बुशांची आहे, आणि ती मुंबईतल्या दहा गॅरेजांपैकी फार थोडी करतात. तुमच्या गाडीचे लोअर आर्म, मागच्या लिंका, सगळ्यांच्या टोकाला रबराचे बुश असतात आणि ते मधल्या लोखंडी नळीला चिकटवलेले असतात. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी पकडली जाते. आर्म वरखाली होतो तो रबर पिळून. आता गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबकळतायत, आणि मिस्त्रीनं तशाच अवस्थेत बोल्ट आवळले. गाडी खाली आली की प्रत्येक बुश ओल्या पंच्यासारखा पिळलेला राहतो, कायमचा. त्याची सरळ व्हायची धडपड गाडीला थोडं वर उचलून धरते, डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी. काही महिन्यांनी रबर हार मानतं, फाटतं, आणि तुमचे आकडे पुन्हा हलतात. मग लोक म्हणतात, अलाइनमेंट टिकत नाही.

म्हणून आम्ही असं करतो. स्प्रिंगा बसवताना आर्मांचे बोल्ट नुसते हातानं लावतो. गाडी चाकांवर उतरवतो, चार वेळा दाबून, पुढेमागे ढकलून बसू देतो. मग चाकं जमिनीवर असतानाच, चार खांबांच्या लिफ्टवर किंवा अलाइनमेंटच्या रॅम्पवर, खालून एकेक बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळतो. या गाड्यांत बरेच बोल्ट आवळताना ताणले जाणारे असतात, टॉर्क आणि वर ९० किंवा १८० अंश अशी पद्धत. कंपनी ते पुन्हा वापरू नका म्हणते. बोल्टांचा सेट फार महाग नसतो, नवे घ्या.

हे तुमच्या गाडीवर झालंय का हे तुम्हाला आता माहीत असण्याची शक्यता कमी. गॅरेजला विचारलंत तर 'हो हो' असंच उत्तर येईल. सरळ पुन्हा करून घ्या: गाडी चाकांवर उभी असताना सगळे बुश बोल्ट ढिले, गाडी हलवून बसवली, पुन्हा आवळले. एका दुपारचं काम आहे.

त्याआधी घरीच एक मोजमाप घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करा, सोसायटीच्या उतारावर नाही. प्रत्येक चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची हवा आणि झीज येते. डावं-उजवं पाच मिलिमीटरच्या आत असलं तर ठीक. एकीकडे दहाचा फरक दिसला तर अलाइनमेंटला जाऊच नका, आधी स्प्रिंग बघा. बऱ्याचदा स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या पायरीला टेकलेलंच नसतं, थोडं फिरून बसलेलं असतं. ते आकडे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी स्प्रिंग बसली की बुश गेला हे त्यांवरून कळेल.

आता तो मागचा लाल आकडा. 'लोअर गाडीत मागचं लाल राहतंच' हे वाक्य तुमच्या गाडीला लागू नाही. आरएसला मागे मल्टीलिंक आहे आणि कॅम्बर आणि टो, दोन्हींना वेगवेगळे एक्सेंट्रिक बोल्ट आहेत. बोल्टाच्या डोक्याला चिकटून मध्यापासून बाजूला सरकलेली एक चकती असते. बोल्ट फिरवला की आर्मचं टोक आत-बाहेर सरकतं. (पोलो जीटीसारख्या गाडीत मागे सलग ट्विस्ट बीम असतो, तिथे फिरवायला काही नसतं, शिम (पातळ पट्ट्या) घालावे लागतात. कदाचित त्या मिस्त्रीच्या डोक्यात तीच गाडी असेल.) मग त्यानं फिरवला का नाही? माझा अंदाज सरळ आहे: बोल्ट जाम आहे.

मुंबईत हे आम्ही सतत बघतो, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर हमखास. बोल्ट पोलादाचा, बुशची आतली नळीही पोलादाची, दोघांमध्ये केसाएवढी फट. त्या फटीत दर पावसाळ्यात पाणी जातं, हवेतलं मीठ जातं आणि गंज फुगून दोघांना एकजीव करतो. नट सुटतो, मिस्त्री खुश होतो, डोक्याला पाना लावून फिरवतो आणि आकडा हलतो सुद्धा. पण नीट बघितलं तर बोल्ट नळीत फिरत नसतो, नळीसकट बुशचं रबर पिळत असतं. पाना सोडला की मशीनच्या पडद्यावरचा आकडा हळूहळू मागे येतो, आठ मिनिटं, बारा, वीस, जिथे होता तिथे. हे एकदा बघितलं की जाम बोल्ट परत ओळखायला चूक होत नाही. पुष्कळ जण इथेच सोडून देतात, कारण पुढचं काम अलाइनमेंटच्या पैशांत बसत नाही.

पुढचं काम असं: आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी एअर हातोड्याचे हलके ठोके देऊन बघायचं. गॅसची ज्योत बुशजवळ नेऊ देऊ नका, रबर जळतं आणि शेजारी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर असते. नाहीच सुटला तर बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा आणि नवा बोल्ट, नवी चकती, नवा बुश टाकायचा. नव्या बोल्टाच्या मधल्या भागाला अँटिसीझ ग्रीस चोपडून घाला, आट्यांना मात्र नको, टॉर्क चुकतो. चारही बोल्ट कापावे लागले तरी खर्च एका टायरच्या आसपास येतो, आणि तुमचे दोन टायर ऑलरेडी गेलेत.

पुढची बाजू वेगळी आहे. या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) आहे आणि कॅम्बर फिरवायला बोल्ट नाही. पण सबफ्रेम (खालचे आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) ढिली करून डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवता येते. ती सरकली की एकीकडचा कॅम्बर जितका वाढतो तितका दुसरीकडचा कमी होतो. एकूण तेवढंच राहतं, वाटणी बदलते. तुमचं ५० मिनिटं आणि १°२५′, म्हणजे सबफ्रेम डावीकडे सरकवून दोन्ही उणे १°०७′ च्या आसपास यायला हवेत.

फक्त एक अट. फरक सबफ्रेममुळेच आहे याची खात्री हवी. मशीनवाल्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो पुढेमागे किती कललाय) मोजायला सांगा. त्याच वेळी तो किंगपिनचा कलही (तोच अक्ष आत किती झुकलाय) मोजतो, कागदावर एसएआय किंवा केपीआय असं येतं. हा कल आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी आली तर काही वाकलेलं नाही, सबफ्रेम सरकलीय. बेरीज अर्ध्या-पाऊण अंशानं वेगळी आली तर उजवीकडचा स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलाय, बहुतेक एखाद्या खड्ड्यात. मग सबफ्रेम सरकवून कॅम्बर सारखे दाखवणं म्हणजे वाकलेला भाग झाकणं. लोअर गाडीत हे जास्त होतं, कारण चाक वर जायला जागा कमी उरते, बंपस्टॉप (शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दबू न देणारा ठोकळा) लवकर लागतो आणि खड्ड्याचा सगळा धक्का लोखंडावर येतो. स्प्रिंग कंपनीनं बंपस्टॉप कापायला सांगितला होता का, आणि कापला का, हेही विचारा.

बेरीज न मोजता नुसता टो लावून देणाऱ्याकडे परत जाऊ नका. मशीन हंटरचं असो की मॅनाटेकचं, थ्रीडी असो की जुनं, हे सगळी मोजतात. प्रश्न मशीनचा नसतो, चालवणाऱ्याकडे जेवढा वेळ असतो तेवढंच ते मोजतं.

आता आकडे, कारण ते तुम्ही मागितले होते. हे माझे आहेत, मुंबईच्या वापरासाठी, रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदोनदा लोणावळा-ताम्हिणी अशा गाडीसाठी. मागचा कॅम्बर उणे १°२०′ ते १°४०′, दोन्हीकडे पंधरा मिनिटांच्या आत सारखा. मागचा टो प्रत्येक चाकाला +०°०५′ ते +०°०८′, आणि दोन्ही इतके जवळ की थ्रस्ट अँगल दोन-तीन मिनिटांच्या वर जाऊ नये. मागे टो शून्य किंवा उणे कधी ठेवू नका, ओल्या फ्रीवेवर लेन बदलताना मागचं टोक हलकं वाटायला लागतं. पुढचा कॅम्बर जो येईल तो, फक्त सारखा. पुढचा एकूण टो शून्य ते +०°०५′. कंपनीच्या सांगण्यापेक्षा मी पुढे जरा कमी ठेवतो, कारण कॅम्बर वाढलेला असताना जास्त टो-इन पुढच्या टायरचीही आतली कड खायला लागतो.

कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे पुढे दोन अंशांच्या पुढचा उणे कॅम्बर कामाला येतो, कॅम्बर प्लेट लागतात. पण ट्रॅकचं सेटिंग घेऊन कुर्ला-ठाणे ट्रॅफिकमध्ये फिरणं म्हणजे दर सीझनला टायर घेणं. तुमचं लिहिणं वाचून मला तरी तुम्ही रस्त्यावरचे गाडीवाले वाटलात.

आकडे देताना एकक सांगा. यात फार घोळ होतो. काही मशीन अंश-मिनिटांत छापतात, काही दशांश अंशांत, काही मिलिमीटरमध्ये. ०°३०′ म्हणजे अर्धा अंश, ०.३०° म्हणजे फक्त १८ मिनिटं. मिलिमीटर तर रिमच्या व्यासावर अवलंबून, १८ इंची रिमवर एक मिलिमीटर टो साडेसात मिनिटांच्या आसपास येतो. तुम्ही कुठून तरी 'पॉइंट वन' असं वाचून जाल आणि समोरचा दहा मिनिटं लावून देईल. शिवाय मशीनच्या यादीत गाडी निवडताना साधं सस्पेन्शन, स्पोर्ट आणि खराब रस्त्यांसाठी उंच केलेलं अशा वेगवेगळ्या नोंदी असू शकतात. चुकीची निवडली तर हिरवा रंग चुकीच्या गाडीचा हिरवा असतो. तुमच्या उंचीची नोंद त्या यादीत नाहीच. म्हणून रंग बघूच नका, आकडा बघा.

क्रम हा असाच हवा: टायरची हवा, चाकांची रोलिंग करून रिमचा वाकडेपणा मोजमापातून वजा करणं, मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढची सबफ्रेम, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग मधोमध लॉक करून पुढचा टो. मागचा कॅम्बर फिरवला की मागचा टो हलतो, म्हणून दोघांत दोन-तीन फेऱ्या होतात. पुढचा टो आधी लावून मग मागे हात घातला तर पहिलं काम फुकट. टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीचे) चेकनट आवळताना आकडा दोन-तीन मिनिटं सरकतो, तेव्हा आवळून झाल्यावरचा आकडा छापून घ्या.

वजनाबद्दल मतभेद आहेत. काही जर्मन कंपन्या सीटवर वजनं ठेवूनच मोजायला सांगतात, बाकीच्या रिकामी गाडी धरतात. तुम्ही एकटेच चालवत असाल तर ड्रायव्हरच्या सीटवर सत्तर-पंच्याहत्तर किलो ठेवून मोजलेलं मला बरं वाटतं. लोअर गाडीत तेवढ्या वजनानंही उजवीकडचे आकडे दिसण्याइतके हलतात. रोज चार माणसं आणि बॅगा असतील तर तसं सांगा, मागचा टो मी मग खालच्या टोकाला ठेवीन. इंधनाची टाकी निम्म्याच्या वर असू द्या; ५० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ३७ किलो मागे.

अलाइनमेंट झाल्यावर दोन कामं लॅपटॉपवरची आहेत. स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य पुन्हा सेट करायचं, कारण ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) त्यावर चालतं आणि तुमचं स्टिअरिंग गेले काही महिने तीन अंश वाकडं होतं. आणि हेडलाइटची बेसिक सेटिंग. गाडी खाली बसली की मागच्या उंचीच्या सेन्सरला वाटतं डिकीत सामान भरलंय, तो दिवे खाली पाडतो. रात्री कमी दिसतं म्हणून लोक बल्ब बदलत बसतात.

मग चाचणी. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, फ्रीवेवर किंवा अटल सेतूवर, वेगाची मर्यादा पाळून. डावीकडे हलकं सरकणं, म्हणजे हात सोडल्यावर काही सेकंदांनी लेनची रेघ जवळ यायला लागणं, हे रस्त्याच्या उताराचं आहे, त्यावर उपाय करू नका. मात्र गाडी हातातून ओढत असेल तर पुढचा डावा टायर मागे आणि मागचा डावा पुढे घालून पुन्हा बघा. ओढ बदलली तर टायरचा दोष.

पावसाळा संपल्यावर एकदा मोजून घ्या. बदल काही करायचा नसला तरी. ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या गाड्यांत टो जागचा हललेला असतो असा माझा अनुभव आहे, आणि जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) रोज जाणाऱ्यांना मी वेगळं सांगायची गरज नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. रस्त्यावर कोणी टेप घेऊन उंची मोजत नाही. पण मोठा अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरनं नव्या रंगीत स्प्रिंगा बघितल्या तर दाव्यात अडचण येऊ शकते. कंपनीच्या स्प्रिंगा आणि बिलं जपून ठेवा.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, आर्मचा. मागचे बोल्ट सुटले, गाडी चाकांवर उभी असताना बुश आवळले, एक्सेंट्रिक शेवटपर्यंत फिरवला, आणि तरीही कॅम्बर उणे १°४५′ च्या पलीकडेच अडून राहिला, तर आर्म घ्या. माझ्या अंदाजानं ३५ मिलिमीटरला ती वेळ येणार नाही, ५० ला येते. घेताना रबर बुशवाले घ्या. गोळीच्या जॉइंटचे आर्म दिसायला रेसिंगचे असतात, पण आपल्या चिखलात आणि धुळीत त्यांना काही महिन्यांत खडखडाट सुरू होतो, आणि जॉइंटमध्ये खेळ आला की तोच टो पुन्हा हलायला लागतो. आर्म बसवले तरी मागचा टो नव्यानं लावावा लागतोच, तेव्हा गाडी त्याच रॅम्पवर, त्याच दिवशी पूर्ण करून घ्या.